ट्रंकेतली लोकर आणि गॅलरीतल्या कुंड्या

मैत्रिणींनो, तुमच्या घरात अर्धवट विणकाम किती पडले आहे, खरे सांगा पाहू! पाठ झालेली पण बाह्या नसलेला स्वेटर, जोडीतला एकच मोजा, सुयांसकट गुंडाळून ठेवलेली टोपी... माझ्याकडे अशी सात कामे निघाली. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण मी शाळेत मुलांना समजावून सांगते आणि घरी माझीच ही गत!

निघाली ती अशी. लालबागमधल्या कितीतरी चाळींप्रमाणे आमची चाळही आता पाडून नव्याने बांधायची आहे. दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करायच्या. म्हणून श्रावणातल्या एका रविवारी पोटमाळ्यावरची सासूबाईंची ट्रंक खाली काढली. उघडल्याबरोबर डांबरगोळ्यांचा भपकारा आला. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला, पिवळ्या लोकरीचा, बाळाचा अर्धा स्वेटर होता.

माझी नणंद निफाडला असते. पाच वर्षांपूर्वी तिला दिवस गेले, तेव्हा सासूबाईंनी तो घातला होता. ते बाळ आले नाही. सासूबाईंनी काम सुयांसकट ट्रंकेत ठेवले आणि त्यानंतर सुई हातात धरली नाही. आता मार्गशीर्षात नणंदेचे दिवस भरतात. मुंबईत थंडी ती कितीशी? सांताक्रूझची आजवरची सर्वात कमी नोंद २२ जानेवारी १९६२ ची, ७.४ अंश. निफाडला थंडीच्या लाटेत पारा त्याच्याही खाली उतरतो. तिथल्या बाळाला लोकर हवीच.

स्वेटर उजेडात धरला तर बाहीला भोके! कसर लागली होती. कसरीचे बारीक पाखरू स्वतः काही खात नाही; त्याची अळी लोकर खाते. तिला अंधार आणि शांतता हवी असते, आणि घामाचे, खाण्याचे डाग फार आवडतात. म्हणून लोकरीचे कपडे न धुता कधीही ठेवू नयेत.

आधी मात्र लोकर खरी आहे का, ते पाहा. दोन बोटे लांबीचा धागा चिमट्यात धरून, पाण्याच्या वाटीवर, काडीने पेटवा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख चुरगळते. अॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. अॅक्रिलिकला सहसा कसर लागत नाही, पण पेट घेतला तर ते वितळून अंगाला चिकटते. स्टोव्ह-शेगडीजवळ ते नकोच.

कसर लागलेली लोकर झटकून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात निदान आठ-दहा दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच पिशवी उघडू नका, नाहीतर आत दव धरते. मग काम उसवा. निघालेला धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट रिठ्याच्या पाण्यात भिजवा आणि न पिळता सावलीत वाळवा. धाग्याच्या वळ्या सरळ होतात. आमच्या आजेसासूबाई १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या. गुंडी सैल गुंडाळावी, ताणलेला धागा दमतो, असे त्या सांगत.

ठेवताना प्रत्येक रंगाची वेगळी पिशवी, आत चिठ्ठी: सुईचा नंबर, टाके किती, कितव्या ओळीवर थांबले, कुणासाठी. ही चिठ्ठी नसते म्हणूनच निम्मी कामे अडून राहतात! वाळलेला कडुलिंबाचा पाला किंवा आमच्या मसाला बाजारातल्या लवंगांची पुरचुंडी ठेवायला हरकत नाही, पण त्याने आत शिरलेली कसर मरत नाही. दोन महिन्यांनी पिशव्या उघडून झटकणे, हाच खरा उपाय.

आता सर्वात महत्त्वाचे. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या कधीही ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतःच कमी असते. अशा बाळाला डांबरगोळ्यांतल्या नॅप्थलीनचा वास लागला, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ जोर करते. बाळाकडे नुसते पाहून हे कळत नाही. ठेवणीतली दुपटी-झबली काढून तशीच घालायची आपली सवय सोडायला हवी.

हे सासूबाईंना कसे सांगावे, याचेच मला कोडे पडले होते. त्या पिवळ्या स्वेटरला हात लावायलाही मी धजत नव्हते. तो विचार बाजूला ठेवून मी गॅलरीतल्या कुंड्यांकडे वळले. नव्या भाड्याच्या घराला गॅलरी नाही, एक खिडकी आहे. अकरा कुंड्या तिथे कशा मावणार? पण झाड नेता आले नाही तरी रोप नेता येते, आणि त्याला पावसाळ्यासारखे दिवस नाहीत. पानओव्याची चार बोटे लांब फांदी, खालची पाने काढून ओल्या मातीत खोचा. गवती चहाचा एक फुटवा मुळासकट वेगळा करून पात अर्धी छाटा. कोरफडीची पिल्ले दोन दिवस सावलीत सुकवून मग लावा. तुळशीच्या मंजिऱ्या कागदात जपून ठेवा. माती भिजली की फार जड होते, म्हणून निम्मा नारळाचा भुसा मिसळा. कुंड्या कठड्यावर नकोत, आणि ताटल्यांतले पाणी आठवड्यातून एकदा नक्की ओता. डेंग्यूचे डास त्यातच वाढतात.

मी फांद्या खोचत होते, तेव्हा सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. हातात तो स्वेटर. मी डांबरगोळ्यांचे सगळे सांगितले. थोडा वेळ गप्प राहिल्या.

“मग उसव,” त्या म्हणाल्या. “धुऊन चांगली वाऱ्यावर टाक. वास गेला की पोरीला पायमोजे करते. निफाडला फरशी गार असते.”

“आणि बाळाला?”

“नवी लोकर आणून ठेव. बाळाचं बाळ आल्यावर. आधी माझ्या लेकीचं.”

बाही त्यांनीच उसवायला घेतली. मी समोर बसून दोन्ही हातांवर लडी धरली.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात सगळी कामे काढू नका. एकच काढा. पुरे करायचे की उसवायचे, ते ठरवा आणि चिठ्ठी लिहा. उसवणे म्हणजे हरणे नव्हे. लोकर काही वाया जात नाही. माझी सातापैकी तीन उसवून झाली, एक टोपी पुरी झाली. उरलेली तीन चिठ्ठ्यांसकट नव्या घरी येतील. पानओव्याला मात्र आत्ताच पालवी फुटली आहे!