तिशीतला फर्स्ट गिअर

‘काका, तुमची गाडी कुठाय?’ मित्राच्या सहा वर्षांच्या पोरानं परवा विचारलं. ‘काका’ गिळलं. पण गाडीचं काय सांगणार? पुण्यात दोन वर्षं काढली, तीही दुसऱ्यांच्या मागच्या सीटवर बसून!

डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला फास्ट लोकलमध्ये चौथी सीट मिळवता येते. क्लच मात्र कुणी शिकवत नाही. पुणेकर पोरं कॉलेजातच बाइकवर बसतात, आणि मी एकोणतिसाव्या वर्षी लर्निंग लायसन्स काढतोय. घरून आईचा फोन : ‘आता कशाला ही थेरं?’

बाइक घ्यायची ठरल्यावर आतला एकोणीस वर्षांचा पोरगा जागा झाला. त्याला डुगडुग आवाजाची, टाकी मोठी असलेली साडेतीनशे सीसीच हवी! ऑफिसातल्या एकानं सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याची दिली. बसलो. जमीन जरा उतरती होती, पाय टेकता टेकता घसरला आणि गाडी आडवी. वेग? शून्य. वॉचमनच्या मदतीनं उचलली. आरशाचे पैसे मी भरले, लाज मात्र अजून वसूल व्हायचीय.

गल्लीतल्या मेकॅनिकनं मग एका वाक्यात शहाणं केलं. ‘साहेब, पळवून नंतर बघा, आधी ढकलून बघा.’

मंडळी, हाच फंडा. इंजिन बंद ठेवून गाडी पार्किंगमधून एकट्यानं मागे काढता येतेय का? सीटवर बसल्यावर दोन्ही पाय नीट टेकतायत का? बाकी सगळं नंतर. क्लासिक ३५०चं वजन १९५ किलो आणि स्प्लेंडर प्लसचं ११२. मधला फरक ८३ किलोचा, म्हणजे एक अख्खा माणूस! विशीत पडलो की हसून उठतो. तिशीत दुसऱ्या दिवशी मीटिंग असते, आणि लॅपटॉपचा ईएमआयही.

दुसरी गोष्ट, पहिली गाडी सेकंडहॅण्ड घ्यायला लाजू नका. शिकताना ती एकदा तरी पडणारच, मग ओरखडे जुन्या गाडीवरच पडू देत. शिवाय २०१८च्या सप्टेंबरपासून नव्या टू-व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो, त्यामुळे शोरूममधली किंमत आणि रस्त्यावरची किंमत यात चांगलाच फरक पडतो. जुनी घेताना मात्र फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या आणि आरसी स्वतःच्या नावावर करा. ‘करू रे नंतर’ नको. १२५ सीसीच्या वरची बघत असाल तर एप्रिल २०१९ नंतरची बघा, तेव्हापासून त्यात एबीएस सक्तीचं आहे. अचानक ब्रेक दाबला तरी चाक लॉक होत नाही, आणि नवशिके ब्रेक अचानकच दाबतात. वाचलेल्या पैशांत आयएसआय मार्कचं चांगलं हेल्मेट घ्या.

मी काय घेतलं? जुनी, करडी, शंभर सीसीची. बघून कुणी मान वळवत नाही. पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला रिकाम्या रस्त्यावर तीनदा बंद पडली. चौथ्यांदा क्लच हळू सोडला... आणि निघाली! सेकंड टाकला तेव्हा हेल्मेटच्या आत एकटाच हसत होतो. आईला अजून सांगितलेलं नाही. आधी नीट थांबता येऊ दे, मग सांगेन.

काल तेच पोरगं गाडीपाशी आलं. ‘काका, एक चक्कर?’

‘नाही रे. लर्निंगवर शिकवणाऱ्याशिवाय कुणाला मागे बसवायचं नसतं.’

त्यानं नंबरप्लेटशेजारचं लाल अक्षर नीट निरखलं. ‘एल म्हणजे लहान का?’

‘हो,’ म्हटलं, ‘लहानच.’