दुधाचा स्निग्धांश आणि दावणींतील वैरण

वारणाकाठीं ऊस वाढला तसें शिराळा तालुक्यांतील दावणीचें रूपहि पालटलें. ज्वारीचा कडबा मागें पडला. ऊसतोडीच्या दिवसांत वाढें असतें, तें संपतांच मक्याचा भरडा वाढतो. दुधाचा दर मात्र स्निग्धांशावर ठरतो. गाईच्या दुधास ३.५ व म्हशीच्या दुधास ६ टक्के हा पाया. त्याखालीं उतरल्यास कपात ठेवलेली. मग ‘आडांत असेल तरच पोहऱ्यांत येईल’ अशा समजुतीनें शेतकरी भरडा आणखी वाढवितो. आमच्या मतें गल्लत होते ती येथेंच.

पिष्टापासून शरीरांत चरबी बनते, हें खरें. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें लॉज व गिल्बर्ट यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास डुकरांवर प्रयोग करून तें दाखविलें. परंतु डुकराचें पोट निराळें आणि रवंथ करणाऱ्या जनावराचें निराळें. गाईम्हशींच्या पोटांत सूक्ष्म जंतु खाद्य आंबवितात. वैरणींतील तंतूंपासून मुख्यतः शिरक्यांतलें, म्हणजे असेटिक, आम्ल निघतें व कास त्यापासून स्निग्ध पदार्थ घडविते. दुधांतील सुमारें निम्मा स्निग्धांश अशा आम्लांपासूनच होतो. पिष्टापासून प्रोपिऑनिक आम्ल अधिक निघतें. यकृतांत त्याची साखर होते. त्यानें दूध वाढेल, अंगावर चरबीहि चढेल. पण दुधाचा स्निग्धांश घटतो. शिवाय पोटांत आम्लता वाढली कीं पेंडींतील तेलाचें रूपांतर अर्धवट राहून, कासेंतील स्निग्धनिर्मितीस लगाम घालणारे पदार्थ उपजतात. पुढें जनावर खाणें टाकतें, खुरें दुखूं लागतात.

भरडा वर्ज्य करावा असें आमचें म्हणणें नाहीं. दुभत्या जनावरास तो हवाच. मात्र कोरड्या वजनाच्या हिशेबानें आहाराचा निदान ४० टक्के भाग वैरणीचा असावा. आधीं वैरण, मग भरडा. तोहि दोन-तीन वेळां विभागून द्यावा. कुट्टी पिठासारखी बारीक करूं नये. लांब तंतूमुळेंच रवंथ होऊन लाळ सुटते व ती आम्लता मारते.

कडबा महाग पडतो, ही तक्रार खोटी नाहीं. परंतु रब्बीची काढणी होतांच जत-आटपाडीकडील कडबा सभासदांनीं एकत्र खरेदी केला आणि पश्चिम भागांतील भाताचा पेंढा जपून ठेवला, तर हा भार हलका होईल. लहान शेतकऱ्याच्या घरीं रोजचा पैसा दुधाचाच येतो. तो भरड्याच्या पोत्यांत घालून वर दरांतहि कपात सोसावी, हा व्यवहार नव्हे.