रात्रीचा वारा घरात येऊ द्या

चैत्र लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. रक्तदाब मोजून होतो, गोळ्यांची चिठ्ठी हातात पडते आणि उठता उठता पेशंट विचारतो, ‘‘डॉक्टर, रात्री झोपच लागत नाही. एसी घ्यावा काय?’’ विचारणारा बहुधा साठीच्या पुढचा असतो. हल्ली तो बहुधा वरच्या मजल्यावर राहणाराही असतो. माझे उत्तर ठरलेले आहे. एसी अवश्य घ्या, पण त्याआधी एका गोष्टीचा विचार करा : आपले घर रात्री श्वास घेते का?

वाचकहो, आपल्या पुणे जिल्ह्याला निसर्गाने एक देणगी दिली आहे आणि ती आपण फुकट घालवत आहोत. पुण्यात एप्रिल महिन्यात दुपारचे तापमान सरासरी ३७-३८ अंशांपर्यंत जाते; पहाटे मात्र ते २०-२१ अंशांपर्यंत उतरते. एका दिवसात सोळा-सतरा अंशांचा हा फरक आहे. मुंबईकरांच्या नशिबी तो नाही. तिथे रात्रही दमट आणि उबदार. महाळुंगेसारख्या गावाला तर एका बाजूला मुळा नदी, पश्चिमेला मुळशीचे डोंगर आणि संध्याकाळी तिकडूनच येणारा वारा. बाहेर गारवा असतो. प्रश्न एवढाच की तो आपल्या अंथरुणापर्यंत का पोहोचत नाही?

जुन्या घरांना हा प्रश्न पडत नव्हता. मुळशीचा पाऊस मोठा, म्हणून घरे उतरत्या छपराची आणि कौलारू. भिंती दगडमातीच्या, हात-दीड हात जाड. दिवसा तापलेली हवा वर चढायची, पोटमाळ्यावर जायची आणि कौलांच्या फटींतून निघून जायची. तिच्या जागी खालच्या दारा-खिडक्यांतून गार हवा आत यायची. पुण्यातल्या वाड्यांत हेच काम मधला चौक करीत असे. रात्रीची जड, गार हवा चौकात उतरायची आणि भोवतालच्या खोल्यांत शिरायची. शिवाय माणसे ओट्यावर, अंगणात, गच्चीवर झोपत. कोणी शास्त्राचे पुस्तक वाचून हे केले नव्हते. पण शास्त्र त्यात होते.

आता महाळुंगेचे रूप पालटले आहे. १९९४ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी शेजारी बालेवाडीचे क्रीडासंकुल उभे राहिले, पुढे हिंजवडीची आयटी नगरी आली आणि २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेले. शेतांच्या जागी इमारती आल्या. त्याबद्दल तक्रार नाही. माणसांना घरे हवीतच. पण या घरांच्या डोक्यावर सिमेंटचा स्लॅब आहे. तो दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. वरच्या मजल्यावर पंखा लावला की गरम वारा लागतो, तो याचमुळे. पंखा हवा गार करीत नाही; छताजवळची तापलेली हवाच तो आपल्या अंगावर ढकलतो. त्यात खिडक्या सरकत्या. दोन तावदानांची खिडकी कितीही मोठी असली तरी उघडते अर्धीच. बऱ्याच सदनिकांत हवा यायला जागा असते, पण जायला नसते. आणि जी हवा जाऊ शकत नाही, ती येतही नाही.

ही गोष्ट नुसत्या गैरसोयीची नाही, म्हणून ती या सदरात मांडतो आहे. शरीर दिवसभराचा उन्हाचा ताण रात्री उतरवते. गाढ झोप लागण्यासाठी शरीराचे तापमान थोडे खाली यावे लागते. खोलीच तापलेली असेल तर ते उतरत नाही. त्वचेकडे जास्त रक्त पाठवण्यासाठी हृदय रात्रभर जोराने काम करीत राहते. तरुण माणूस सकाळी कुरकुरत उठतो आणि कामाला लागतो. वृद्धांना घाम कमी येतो, तहान उशिरा कळते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातले पाणी आणखी कमी होते. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेने सुमारे १५ हजार माणसे गेली. त्यांत वृद्धांचे प्रमाण फार मोठे होते, आणि अनेकजण आपल्या घरातच गेले. त्या दिवसांत रात्रीही उतार पडला नव्हता. आपल्याकडे २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत एरवीपेक्षा तेराशेहून अधिक जादा मृत्यू झाले. त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा केला. म्हणजे घरातली रात्र कशी जाते, हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

यावरचा एक उपाय अमेरिकेत एसी येण्याच्या आधीपासून वापरात आहे. घराच्या मधोमध, छतात एक मोठा पंखा बसवतात. संध्याकाळी बाहेर गार झाले की सगळ्या खिडक्या थोड्या थोड्या उघडतात आणि पंखा सुरू करतात. तो घरातली गरम हवा खेचून माळ्यावर ढकलतो, तिथून ती बाहेर जाते, आणि खिडक्यांतून गार हवा आत धावते. नुसती हवाच बदलते असे नाही. भिंती, फरशी, कपाटे, गाद्या हळूहळू थंड होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडक्या बंद केल्या की हा साठवलेला गारवा दुपारपर्यंत पुरतो. कौलारू घराचा पोटमाळा जे काम आपोआप करीत होता, तेच हा पंखा विजेवर करतो.

आपल्याकडे हे कसे जमवायचे? बंगला किंवा गावठाणातले दुमजली घर असेल तर जिना जिथे गच्चीवर संपतो, त्या खोलीच्या भिंतीत उंचावर मोठा एक्झॉस्ट फॅन बसवावा. सगळ्या घराची गरम हवा जिन्यानेच वर चढत असते. सदनिकेत ड्राय बाल्कनीच्या बाजूला, जितका उंच बसेल तितका उंच बसवावा. आपल्याकडे संध्याकाळचा वारा पश्चिमेचा. म्हणून हवा पश्चिमेच्या खिडक्यांतून घ्यावी आणि पूर्वेला सोडावी. वाऱ्याच्या तोंडावर पंखा लावू नये.

हिशेब सोपा आहे. ६०० चौरस फुटांचे, दहा फूट उंचीचे घर म्हणजे ६ हजार घनफूट हवा. १८ इंची एक्झॉस्ट फॅन कागदोपत्री मिनिटाला साधारण अडीच हजार घनफूट हवा फेकतो. जाळी आणि अडथळे धरून निम्मीच धरू. तरी पाच मिनिटांत सगळ्या घराची हवा बदलते, तासाला बारा वेळा. वीज लागते अडीचशे वॅटच्या आसपास. चार तास चालवला तर एक युनिट. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासालाच दीड युनिटच्या आसपास वीज खातो. खर्च करण्यापूर्वी प्रयोग करून पाहावा. घरचा टेबल फॅन पूर्वेच्या खिडकीत बाहेर तोंड करून ठेवा, पश्चिमेची खिडकी उघडा आणि भिंतीवर एक साधा तापमापक लावा. दोन रात्रींत फरक कळेल.

वेळेचे पथ्य मात्र पाळले पाहिजे. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाल्यावरच पंखा लावायचा, म्हणजे उन्हाळ्यात रात्री आठ-नऊनंतर. सकाळी आठच्या आत खिडक्या बंद करून पडदे ओढायचे. दुपारी ‘हवा येऊ दे’ म्हणून खिडक्या उघडणे म्हणजे भट्टीचे दार उघडणे होय. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला तर स्लॅब मुळातच कमी तापतो.

आता शंका. पहिली आणि रास्त शंका डासांची. महाळुंगे-बालेवाडीकडचे लोक दिवेलागणीला दारे-खिडक्या लावून घेतात, ते हौस म्हणून नव्हे. उन्हाळ्याच्या तोंडाला मुळेत जलपर्णी माजते आणि घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांचे थवे घरात शिरतात. यावर बंद खिडकी हा उपाय नाही. खिडकीला बारीक जाळी हा आहे. डेंग्यूचा डास तर स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो आणि मुख्यतः दिवसा चावतो. रात्री खिडकी लावून तो टळत नाही. जाळीने वारा अडतो, म्हणून उघडी जागा दुप्पट ठेवावी. दुसरी शंका बांधकामाच्या धुळीची. दमेकऱ्यांनी आसपासचे काम थांबल्यावर, रात्री उशिरा पंखा लावावा आणि जाळी आठवड्याला धुवावी. जवळ कोणी कचरा जाळत असेल तर त्या रात्री पंखा नको.

तिसरी गोष्ट शंका नव्हे, इशारा आहे. घरात गॅस गिझर किंवा कोळशाची शेगडी चालू असताना हा पंखा कधीही लावू नये. खिडक्या पुरेशा उघड्या नसतील तर पंखा जळणाचा धूर उलटा घरात खेचतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. पंखा चालू म्हणजे किमान दोन-तीन खिडक्या उघड्या, हा नियम घरातल्या लहान-थोरांना पाठ असावा. खिडकीला ग्रील हवेच, चोरासाठीही आणि लहान मुलांसाठीही.

या उपायाची मर्यादाही सांगतो. रात्रीही बाहेर उकाडाच असेल, किंवा पावसाळ्यात हवा दमट असेल, तेव्हा हा पंखा फारसे काही करीत नाही. उष्णतेच्या लाटेत अंथरुणाला खिळलेला रुग्ण, हृदयविकाराचा रुग्ण, तान्हे मूल यांच्यासाठी एसी असेल तर संकोच न करता लावावा. २६ अंश पुरेत. एसी म्हणजे चैन, असे मी म्हणणार नाही. पण एसी आपल्या खोलीतली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीबाहेर टाकतो, हेही खरे. प्रत्येक खिडकीखाली एक यंत्र गरम हवा फेकू लागले तर ज्याला एसी परवडत नाही, त्याच्या वाट्याचा रात्रीचा गारवाही आपण काढून घेतो. पत्र्याच्या खोलीत राहणारे बांधकाम मजूर याच गावात आहेत.

म्हणून ही गोष्ट एकट्या घरमालकावर सोडून भागणार नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली. घराच्या क्षेत्रफळाच्या मानाने खिडक्यांचा प्रत्यक्ष उघडणारा भाग किती असावा, हे तीत सांगितले आहे. सदनिका घेताना आपण फरशी पाहतो, नळ पाहतो. हवा कुठून येईल आणि कुठून जाईल, हे बिल्डरला कितीजण विचारतात? तो प्रश्न विचारावा. महापालिकेने नदीतली जलपर्णी उन्हाळा लागण्याआधी काढावी. ती नुसती नदीची सफाई नाही, हजारो घरांच्या खिडक्या उघडण्याचे काम आहे. आणि सोसायट्यांनी वरच्या मजल्यावरच्या वृद्धांची घरे आधी पाहावीत. गच्चीवर चुना आणि जिन्यात एक पंखा, एवढा खर्च वार्षिक वर्गणीतून सहज निघेल.

रात्रीचा गार वारा आपल्या दाराशी रोज येतो. त्याला आत यायला एक वाट आणि बाहेर जायला एक वाट द्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या बऱ्याच रात्री झोपेच्या गोळीची चिठ्ठी माझ्याकडून मागावी लागणार नाही.