उन्हाची बेगमी

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचे विजेशी असलेले नाते शंभर वर्षांहून जुने आहे आणि थोडे चमत्कारिकही आहे. घाटमाथ्यावरच्या लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांचे पाणी प्रचंड नळांतून खाली कोकणात उतरवून टाटांनी खोपोलीला वीज तयार करायला सुरुवात केली ती १९१५ साली. पाठोपाठ १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. दोन्ही ठिकाणची वीज उंच मनोऱ्यांवरून मुंबईला गेली, तिथल्या गिरण्या तिच्यावर चालल्या. ज्या शेतांवरून त्या तारा गेल्या, त्या शेतकऱ्यांच्या घरात मात्र रॉकेलची चिमणीच होती. अनेक वाड्यांवर विजेचा दिवा पोहोचायला त्यानंतर कित्येक दशके जावी लागली. आमच्या वाट्याला आले ते वीज करून झालेले पाणी. खोपोलीचे पाणी पाताळगंगेला मिळाले, भिवपुरीचे राजनाल्यातून उन्हाळी भाताला. त्या पाण्याचे उपकार मोठे आहेत, ते नाकारण्याचा करंटेपणा कोणी करणार नाही. पण वीज इथे तयार व्हावी आणि दिवा दुसरीकडे लागावा, हे इथल्या पिढ्यांनी पाहिले आहे.

आता प्रथमच अशी वेळ आली आहे की, वीज तयार होण्याची जागा आपल्याच घराचे छप्पर आहे आणि ती वापरणारेही आपणच. नेरळपासून खोपोलीपर्यंत रेल्वेने जाताना डब्याच्या खिडकीतून पाहिले, तर इमारतींच्या गच्च्यांवर आणि बंगल्यांच्या पत्र्यांवर निळ्या-काळ्या पाट्या दिसू लागल्या आहेत. त्यांच्या जाहिराती सांगतात, ‘वीजबिल शून्य करा.’ मी उभी नोकरी बँकेत कर्जाचे अर्ज वाचण्यात घालवली. त्या नोकरीने एक सवय लावली आहे. कोणी ‘शून्य’ म्हणाले की, ते शून्य कोणत्या रकान्यातले आहे, हे आधी पाहायचे. सौरवीज घरावर घ्यावी, असेच माझे मत आहे. पण ती कोणाला किती फायद्याची आहे आणि कोणाच्या दारापर्यंत ती अजून आलेलीच नाही, हे दोन्ही हिशेब मांडल्याशिवाय ते मत अपुरे राहते.

आधी सरकारी मदतीचे पाहू. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मोफत बिजली योजना’ आणली. एक कोटी घरांवर सौरसंच बसवण्याचे उद्दिष्ट आणि ७५ हजार २१ कोटी रुपयांची तरतूद. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटमागे ३० हजार, तिसऱ्या किलोवॉटला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळते. हे पैसे संच सुरू झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतात. त्यासाठी संच राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावा लागतो. तीन किलोवॉटपर्यंतच्या संचाला बँका तारण न घेता कर्ज देतात. योजना आली तेव्हा त्याचा व्याजदर सात टक्क्यांच्या आसपास होता. रेपो दर हलला की तो हलतो.

आता संचाचे काम कसे चालते ते पाहू. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने तो दिवसाला चारच्या आसपास युनिटे देतो. दिवसा तयार झालेली वीज घरात लागेल तेवढी वापरली जाते आणि उरलेली तारेवरून महावितरणकडे जाते. रात्री आपण महावितरणची वीज घेतो. दोन्ही बाजू मोजणारा मीटर बसतो आणि बिल येते ते वजाबाकी करून उरलेल्या युनिटांचे. यालाच नेट मीटरिंग म्हणतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे चालू खाते आहे. दिवसा भरणा, रात्री उचल.

या वजाबाकीत एक मर्म आहे. आपले दर पायऱ्यांचे आहेत. पहिली शंभर युनिटे सगळ्यांत स्वस्त, शंभर ते तीनशेच्या टप्प्यात दर एकदम चढतो, त्यापुढे आणखी. सौरसंच आपल्या बिलातली युनिटे वरच्या पायरीपासून कापत खाली येतो. म्हणजे छपरावरची पहिली युनिटे सर्वांत महागडी वीज वाचवतात आणि शेवटची युनिटे सर्वांत स्वस्त. घराला लागते त्याहून मोठा संच बसवला तर जादा युनिटे पुढच्या महिन्यांत वळती होतात. पण आर्थिक वर्षाच्या अखेरीला शिल्लक राहिलेल्या युनिटांना मिळणारा भाव आपण वीज घेताना देतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. तेव्हा ‘जागा आहे ना, मग पाच किलोवॉट टाका’ असे विक्रेता म्हणाला, तर त्याला चहा द्यावा आणि बारा महिन्यांची बिले काढून बसावे. स्थिर आकार मात्र काही केल्या जात नाही. शून्य बिल म्हणजे शून्य रुपये नव्हे.

दोन घरे कल्पनेने समोरासमोर ठेवू. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. तुम्ही आपले आकडे घालावेत. पहिले घर महिन्याला तीनशे युनिटे वापरणारे. कर आणि वहन आकार धरून युनिटाला सरासरी दहा रुपये, म्हणजे बिल तीन हजार. तीन किलोवॉटचा संच एक लाख ऐंशी हजारांना पडला आणि ७८ हजार परत आले, तर पदरचे एक लाख दोन हजार गेले. वर्षाची बचत छत्तीस हजारांच्या घरात, म्हणजे तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. एवढी रक्कम पाच वर्षांच्या कर्जाने घेतली, तर सात टक्क्यांनी हप्ता दोन हजारांच्या आसपास बसतो. बिलात वाचणाऱ्या पैशांतून हप्ता फिटून वर हजार रुपये उरतात. पाट्यांचे आयुष्य पंचवीस वर्षांचे धरतात. इन्व्हर्टर मात्र मधे एकदा बदलावा लागेल, त्यासाठी उरलेल्या हजारातून तीनशेची आवर्ती ठेव उघडावी. इतके सरळ कर्जप्रकरण आमच्या टेबलावर क्वचित येत असे.

दुसरे घर ऐंशी युनिटांचे. दोन पंखे, चार दिवे, टीव्ही, लहानसा फ्रीज. युनिटाला सात रुपये धरले तर बिल साडेपाचशे. एका किलोवॉटचा संच पासष्ट हजारांना, अनुदान तीस हजार, पदरचे पस्तीस हजार. वर्षाची बचत साडेसहा हजारांच्या आसपास, म्हणजे पैसे सुटायला पाच वर्षांहून अधिक. ज्याचे बिल मोठे त्याला अनुदानही मोठे आणि परतावाही लवकर. ज्याचे बिल लहान त्याला अनुदान लहान आणि वाट लांब. हा दोष पाट्यांचा नाही, दरांच्या पायऱ्यांचा आहे. पण दोष कोणाचाही असो, कर्जतच्या फार्महाउसला जे तीन वर्षांत जमते ते कशेळ्याच्या घराला पाच वर्षांत जमते.

आता पावसाचा प्रश्न. ‘आमच्याकडे चार महिने ऊन कुठे असते?’ असे इथला माणूस विचारतो आणि ते रास्तच आहे. माथेरानच्या डोंगराखाली जुलै महिन्यात दिवसाच दिवे लावावे लागतात. पाऊस कोसळत असताना संच अगदीच थोडी वीज देतो. पण वर्षाचा जमाखर्च एप्रिलपासून सुरू होतो, हे आपल्या पथ्यावर पडते. एप्रिल-मे महिन्यांत रखरखीत उन्हात जी जादा युनिटे जमा होतात ती जून-जुलैत खर्ची पडतात. आपल्या आया-आज्या मेअखेर आगोटीची तयारी करीत. तांदूळ, कडधान्ये, सुकी मासळी, पापड, लाकूडफाटा असे सारे घरात भरून ठेवीत. ही तशीच उन्हाची बेगमी आहे. फरक इतकाच की, ती ठेवायची कणगी महावितरणच्या वहीत आहे.

इथेच एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. कर्जत-खालापुरात वादळी पावसात वीज जाते. ‘आता सोलर आहे, आम्हाला काय त्याचे’ असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तारेला जोडलेला साधा संच वीज गेली की स्वतःही बंद पडतो. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या अंगावर आपल्या छपरावरची वीज जाऊ नये, म्हणून ती व्यवस्था मुद्दाम केलेली असते. अंधारात दिवा हवा असेल तर बॅटरी आणि तिला चालणारा वेगळा इन्व्हर्टर लागतो. तो खर्च वेगळा आणि त्याने वरचा सगळा हिशेब बदलतो. खरेदीपूर्वी हे विचारून घ्यावे.

आपल्या भागाच्या आणखी दोन-तीन गोष्टी आहेत. स्लॅब गळतो म्हणून इथे बहुतेक गच्च्यांवर लोखंडी सांगाडा करून पत्रे टाकलेले असतात. त्यावर पाट्या बसतात, पण तो सांगाडा पावसापुरता केलेला असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात पत्र्यांचे काय केले, ते आपण पाहिले आहे. वाऱ्याचा भार पेलेल असा सांगाडा आहे की नाही, हे जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे आणि बोल्ट पत्र्यातून जातात तिथली गळती कोण निस्तरणार, हे करारात लिहून घ्यावे. दुसरे म्हणजे सावली. दारचा फणस किंवा शेजारची नवी चार मजली इमारत दुपारी छपरावर सावली टाकत असेल, तर कागदावरची युनिटे कागदावरच राहतात. पाट्यांवरची धूळ सकाळी ऊन चढण्यापूर्वी साध्या पाण्याने धुवावी. महामार्गालगतच्या गावांनी तर धुवावीच.

हे झाले ज्यांच्याकडे छप्पर, मीटर आणि पत आहे त्यांचे. बँकेत मी एक गोष्ट पुन्हापुन्हा पाहिली. योजना नाकारली जाते ती गरिबीमुळे नव्हे, कागदामुळे. मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर, घरपट्टी थोरल्या काकांच्या नावावर आणि घरात राहतो तिसराच. ज्याच्या नावाने बिल त्याच्या नावाने अर्ज. मग वारसाचा दाखला, भावांच्या सह्या आणि तालुक्याच्या खेपा. कातकरी वाड्यांमधली कित्येक घरे दुसऱ्याच्या जमिनीवर उभी आहेत. ठाकूरवाड्यांवर कौलांचे नाहीतर जुन्या पत्र्यांचे छप्पर, त्याला पाट्यांचे वजन झेपेल की नाही, हाच प्रश्न. राज्य सरकारने २०२५ मध्ये शंभर युनिटांच्या आतल्या ग्राहकांसाठी ‘स्मार्ट’ नावाची योजना मंजूर केली. तीत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एक किलोवॉटच्या संचासाठी पदरचे फक्त अडीच हजार रुपये घालावे लागतात. दुसऱ्या घराचे जे उलटे गणित मी वर मांडले, ते हा निर्णय सुलटे करतो. त्याचे स्वागत केले पाहिजे. पण अडीच हजार रुपये एखाद्या वेळी जमतात. नावावरचे मीटर आणि धड छप्पर जमत नाही.

म्हणून मला वाटते की, या दोन तालुक्यांत पहिले काम पाट्या विकण्याचे नाही, कागद सरळ करण्याचे आहे. ग्रामपंचायतीने एक दिवस ठरवावा, महावितरणच्या माणसाला, तलाठ्याला आणि बँकेच्या अधिकाऱ्याला एका टेबलाशी बसवावे आणि मीटरची नावे बदलण्याचे अर्ज तिथल्या तिथे भरून घ्यावेत. जी घरकुले नव्याने मंजूर होतात त्यांचे छप्पर पाट्यांचे वजन पेलेल असे पहिल्यापासूनच बांधावे. नेरळ, कर्जत, खोपोलीतल्या गृहसंस्थांनी आपला विचार करावा. पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे यांसाठी संस्थेला किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. एकेका बिऱ्हाडाला गच्चीचा हक्क नसतो, पण देखभालीचा खर्च कमी झाला तर तो सगळ्यांचाच होतो. भाडेकरूचासुद्धा.

आणि रात्रीचे काय? गावोगाव दिवसा वीज उरली आणि सात वाजता सगळ्यांनीच दिवे लावले, तर ती आणायची कुठून? त्याचेही उत्तर पुन्हा आपल्याच डोंगरात शोधले जात आहे. टाटा पॉवरने ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार केला त्यात भिवपुरीला एक हजार मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. वीज मुबलक असेल तेव्हा पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, अशी ही योजना. भिवपुरीच्या डोंगरातून शंभर वर्षे पाणी खालीच येत राहिले, आता ते वरही जाईल. त्यातून होणाऱ्या विजेतला काही उजेड या वेळी तरी डोंगराच्या पायथ्याशी राहावा, अशी अपेक्षा करण्याचा आपल्याला हक्क आहे. मात्र हक्क सांगायचा तर मीटर आपल्या नावावर हवे. रविवार आहे, घरातली सगळी माणसे हाताशी आहेत. वर्षाची बिले काढा, युनिटांची बेरीज करा आणि बिलावर नाव कोणाचे आहे, तेवढे पाहा.