दहावा माणूस

छोट्या कारखानदारांच्या जगात दोन आकडे फार बदनाम आहेत. दहा आणि वीस. दहावा माणूस घेतला की ईएसआय लागते, विसावा घेतला की पीएफ. त्यामुळे महाराष्ट्रात कुठल्याही एमआयडीसीत जा, मस्टरवर नऊ नाहीतर एकोणीस नावं असलेले कारखाने हटकून सापडतील. आत जाऊन डोकी मोजली तर ती बारा किंवा पंचवीस भरतात, ही गोष्ट वेगळी! तीसेक वर्षं लोकांची पगारपत्रकं लिहिण्यात गेल्यामुळे हे गणित मला तोंडपाठ झालंय.

आज हे आठवायचं कारण म्हणजे आमचे भाचेबुवा. त्यांचा पुठ्ठ्याचे खोके बनवायचा छोटा कारखाना आहे, नऊ माणसं कामाला. आता ऑर्डर वाढल्यात, दहावा माणूस हवाय. पण आजूबाजूचे सगळे सांगतात, "दहावा घेऊ नकोस, अडकशील. काकूंच्या नावाने दुसरी फर्म काढ, नाहीतर कंत्राटदाराच्या नावावर दाखव." म्हणून त्याने मला विचारलं, "मामा, तुम्ही काय म्हणता?" फोनवर जे सांगायला जमलं नाही ते इथे सविस्तर लिहितोय. घरातले बाकीचे धंदेवाईकही वाचतील, बरंच आहे.

आधी पैशाचं बघू, कारण घाबरवतात ते पैशावरूनच. समजा, नव्या माणसाचा पगार १६,००० रुपये ठरला. २०१९ च्या जुलैपासून ईएसआयचा दर मालकाला सव्वातीन टक्के आणि कामगाराला पाऊण टक्का असा आहे. त्याआधी तो पावणेपाच आणि पावणेदोन होता, पण जुन्या मंडळींच्या डोक्यात अजून तोच बसलाय. म्हणजे मालकाचे ५२० रुपये, कामगाराचे १२०. एकूण ६४०. आधीच्या नऊ जणांचे पगार २१,००० च्या आत असतील तर त्यांचेही भरावे लागतील. दहा जणांचा पगार सारखा धरला तर मालकाच्या खिशातून महिन्याला ५,२०० रुपये जातात. ही रक्कम लहान नाही, मान्य. पण कारखाना बुडवण्याइतकी मोठीही नाही.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. हा कोणी मांडतच नाही. मस्टरवर नऊच माणसं असली तर कायदा आपल्याला विसरतो असा एक गोड गैरसमज आहे. कामावर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकाची, हे १९२३ च्या कायद्यापासून चालत आलंय आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ते तत्त्व कायम ठेवलंय. तिथे दहाची अट नाही. १९२३ च्या कायद्यातला हिशेब असा होता: मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. २०२० पासून त्यासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरत. तीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा २०७.९८. करा गुणाकार... साडेपंधरा लाखांच्या वर जातो! नऊ माणसांच्या कारखान्याने हे एकरकमी कुठून आणायचे? ईएसआय लागू असेल तर हा भार महामंडळ उचलतं. जखमी माणसाला पगाराच्या सुमारे ९० टक्के पैसे काम करता येत नाही तोवर मिळतात, आणि तो गेलाच तर कुटुंबाला दरमहा पेन्शन सुरू होतं. तेही नोकरीच्या पहिल्या दिवसापासून, आधी अमुक महिने पैसे भरलेले असले पाहिजेत अशी अट नाही.

म्हणजे ज्याला आपण बोजा म्हणतो, तो खरं तर मालकाचाही विमा आहे.

एका कारखान्याचं सांगतो, नाव नको. मस्टरवर नऊ, कामावर बारा. त्या वरच्या तिघांतल्या एका पोराची तीन बोटं कटिंग मशीनमध्ये गेली. मालक वाईट माणूस नव्हता हो. स्वतः गाडीत घालून खासगी दवाखान्यात नेलं, बिल भरलं, तीन महिने घरी पगारही पोचवला. चौथ्या महिन्यात धंदा मंदावला आणि पैसे थांबले. पोराच्या हातात कागदाचा चिटोराही नव्हता, नेमणुकीचं पत्र नाही की पगाराची पावती नाही. पुढे त्याच्या काकाने आणि मालकाने बसून एक आकडा ठरवला. आकडा ऐकून मला वाईट वाटलं, पण त्याहून वाईट वाटलं ते त्या पोराला तो "मालकाचा उपकार" वाटला याचं. जे हक्काने आयुष्यभर दरमहा मिळायला हवं होतं, ते त्याने हात जोडून एकदाच घेतलं.

आता भाच्याच्या सल्लागारांच्या युक्त्या. कंत्राटदाराच्या नावावर दाखवलेला माणूस आपल्याच आवारात आपलंच काम करत असेल तर मोजताना तो आपल्यातच धरला जातो. दुसऱ्या नावाची फर्म एकाच शेडमध्ये, एकाच मशीनवर, एकाच मालकाच्या देखरेखीखाली चालत असेल तर तपासणीला आलेला अधिकारी ती एकच मानू शकतो, आणि मग मागच्या तारखेपासूनची वसुली व्याजासकट येते. पगार भत्त्यांत फोडून पीएफ वाचवायची युक्तीही २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बरीच पंगू केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांनी तर स्पष्टच सांगितलं की भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग पगारातच धरायचा. त्याच संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणंही बंधनकारक केलं. तेव्हा "आपल्याकडे कागद नाही म्हणजे माणूसच नाही" हे दिवस संपले असं समजून चालावं.

हे सगळं म्हटलं तरी छोट्या मालकाची तक्रार खोटी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. त्याचं दुखणं ५२० रुपयांचं नाहीच, कागदांचं आहे. ईएसआयचं चलन १५ तारखेच्या आत एका पोर्टलवर, पीएफचं १५ च्या आत दुसऱ्या, व्यवसायकर तिसऱ्या ठिकाणी, कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरमध्ये चौथ्या. मोठ्या कंपनीत यासाठी खातं असतं. इथे मालक सकाळी कच्चा माल आणतो, दुपारी मशीन दुरुस्त करतो, संध्याकाळी उधारी मागत फिरतो आणि रात्री चलन भरायला बसतो. त्यात एकदा ईएसआय लागू झाली की माणसं घटून आठवर आली तरी ती सुटत नाही. मग माणूस दहाच्या दारात थबकला तर नवल काय? नऊपर्यंत काहीच नाही आणि दहाव्याला सगळं एकदम, ही पायरी नाही, कडा आहे. पहिल्या माणसापासून थोडं थोडं आणि एकाच चलनात घेतलं तर फार कमी लोक पळवाटा शोधतील असं माझं मत आहे.

कामगारांच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे. "साहेब, कापू नका, हातात द्या" हे मी शेकडो वेळा ऐकलंय. दवाखाना लांब, रांग मोठी, औषध मिळेलच याची खात्री नाही, मग १२० रुपये का द्यायचे? त्याचा प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर दवाखाना सुधारणं हे आहे, माणसाला मस्टरबाहेर ठेवणं नव्हे. मालकाने या वाक्याचा आडोसा घेऊ नये.

जाता जाता व्यवसायकराबद्दल. पगाराच्या पावतीवर दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. सगळे त्याला नावं ठेवतात. पण आपल्या राज्यात हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. बहात्तरच्या दुष्काळातून आणि वि. स. पागेंच्या ध्यासातून उभी राहिलेली ती योजना. ज्यांना नोकरी आहे त्यांनी, ज्यांना नाही त्यांच्या कामासाठी थोडं द्यायचं, असा साधा विचार होता त्यामागे. पुढे त्या पैशाचं काय झालं हा वेगळ्या लेखाचा विषय! असो.

तर भाचेबुवा, माझं मत असं. दहावा माणूस घे. त्याचा पगार १६,००० नाही, १६,५२० आहे असं धरून खोक्याचा भाव काढ. पहिल्याच दिवशी पत्र दे आणि त्याची नोंदणी कर. कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे वेगळ्या खात्यात टाक, कारण कापले त्या क्षणापासून ते तुझे नाहीत. अडचणीच्या महिन्यात त्यांना हात लावायचा मोह सगळ्यांनाच होतो, म्हणून ते डोळ्यांसमोर ठेवूच नयेत.

आणि एवढं करूनही दहावा परवडत नाही असं निघालं, तर एकदा खोक्यांच्या भावाकडे बघ. नऊ जणांना काहीही न देता जो भाव परवडत होता, तो मुळातच कमी होता.

तुमच्यापैकी कोणी हा कडा चढला असेल तर अनुभव जरूर कळवा. आमच्या भाच्याला तेवढाच धीर येईल.