डोळ्यांचे शिक्षण

१३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री हैदराबादेत अतिवृष्टी झाली. त्या रात्री कुकटपल्लीतील आमच्या घरी मोबाइलवर एक छायाचित्र आले. रस्ता जलमय, मोटारी अर्ध्या बुडालेल्या आणि खाली 'आपली कुकटपल्ली, आत्ता' अशी ओळ. वडील अद्याप कामावरून परतले नव्हते. आईच्या तोंडचे पाणी पळाले. धाकटी बहीण मात्र चित्र निरखून म्हणाली, "आई, दुकानावरची पाटी तेलुगू नाही, तमिळ आहे!" पाऊस खरा होता, ते चित्रही कोठले तरी खरेच असावे, खोटी होती ती केवळ खालची ओळ.

शाळेत आपण अक्षरे वाचावयास शिकतो. चित्रे मात्र नुसती पाहतो. चित्राचेही वाचन शिकवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याकरिता साधने दूर शोधावयास नकोत. निजामांचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या नावाचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. एप्रिल १९०२, वरंगळ जिल्हा. लॉर्ड कर्झन, त्यांची पत्नी आणि पुढ्यात मारलेला वाघ. प्रथमदर्शनी ती शौर्याची कथा वाटते. परंतु वाघाचा माग कोणी काढला? रान कोणी उठविले? छायाचित्रकाराने ही दोन माणसे नेमकी अशीच का उभी केली? चौकटीच्या आत कोण, याइतकेच बाहेर कोण राहिले, हेही विचारावयास हवे. सालारजंग संग्रहालयातील मेफिस्टोफिलीस व मार्गारेटा यांचे दुहेरी शिल्पही असेच आहे; मागे आरसा नसता, तर एकाच लाकडातील दुसरी मूर्ती कितीजणांच्या लक्षात आली असती!

कोणी म्हणतील, अभ्यासक्रमाचा भार आधीच थोडा आहे काय? आक्षेप अगदीच निराधार नाही. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताकडे जातो, हे आपण सारेच जाणतो. म्हणून निराळा विषय नको, निराळे पुस्तकही नको. भाषेच्या तासाला पंधरवड्यातून एकदा कवितेऐवजी एखादे छायाचित्र किंवा जाहिरात घ्यावी व तिच्यावर निबंधाप्रमाणेच गुण द्यावेत.

प्रारंभ आमच्या कुकटपल्लीच्या रस्त्यावरील फलकांपासूनही करता येईल. शिकवणी वर्गांच्या त्या भव्य फलकांवर वरचे क्रमांक मिळविणाऱ्या मुलांचे हसरे चेहरे ओळीने झळकत असतात. त्यांच्याबरोबर वर्गात आणखी किती मुले बसली होती, ते मात्र तेथे लिहिलेले नसते.