सर्वगुणसंपन्न गिटार

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या घरात कशावरून वाद रंगला, ते ऐकून तुम्ही हसाल. आठवीतली आमची लेक दोन वर्षं साध्या गिटारवर शिकतेय. आता तिला इलेक्ट्रिक गिटार हवी होती, आणि तीही हेवी मेटलची! मी भाबडेपणानं विचारलं, "अगं, एवढी जड कशाला? पितळेची असते की लोखंडाची?" ती पोट धरून हसली. गिटार लाकडाचीच असते. हेवी मेटल हे संगीताच्या एका प्रकाराचं नाव!

सासूबाईंनी दर वाढदिवसाला दिलेले पैसे तिनं साठवले होते. उरलेले मी माझ्या अर्धवेळ शाळेच्या पगारातून घालणार होते. अशी खरेदी पुन्हा लवकर होणार नव्हती. म्हणून आम्ही मायलेकी पुण्याला जाऊन रीतसर चौकशी करून आलो.

दुकानदारानं दोन गिटारी पुढे ठेवल्या. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचं वेटोळं असतं. त्याला पिकअप म्हणतात. तार थरथरली की त्यात वीज निर्माण होते आणि अ‍ॅम्प्लिफायर तिचा आवाज मोठा करतो. पण एकेरी वेटोळ्यात घरातल्या विजेची गुणगुणही शिरते. त्यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये तोड काढली. दोन वेटोळी अशी जोडायची, की एकीतली गुणगुण दुसरीनं खोडून काढावी. हाच हंबकर. हेवी मेटलमध्ये आवाज मुद्दाम फाडून प्रचंड वाढवतात. तिथं गुणगुणही तितकीच वाढेल, म्हणून हंबकर हवाच. पहिली गिटार अशी होती.

दुसरी हायब्रीड. हायब्रीड म्हटलं की मला आपली ज्वारीच आठवते! हिच्यात चुंबकी पिकअप तर होतेच, शिवाय तारा जिथं टेकतात त्या ब्रिजमध्ये पिझो नावाचे स्फटिक बसवलेले. ते तारेचा दाब टिपून साध्या लाकडी गिटारच्या जवळ जाणारा आवाज देतात. बटण फिरवलं की हा आवाज, नाहीतर तो, नाहीतर दोन्ही एकत्र. १९९३ मध्ये आलेल्या पार्कर फ्लाय या गिटारमुळे ही युक्ती बरीच गाजली. मात्र आमच्या पुढ्यातलीला आत बॅटरी लागत होती आणि किंमतही जास्त होती.

घरी आल्यावर हे म्हणाले, "हायब्रीडच घ्या. गॅदरिंगला चालेल, गणपतीत चालेल, उद्या आवड बदलली तरी वाया जायची नाही." मलाही ते पटलं. चार पैसे जास्त गेले तरी एका वस्तूत दोन कामं होतात, हा तर आपला बाजारातला नेहमीचा हिशेब! लेक एवढंच म्हणाली, "तुम्हाला बरोबर वाटतं ना, मग तीच घ्या."

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. शाळेत असताना मला तबला शिकायचा होता. घरच्यांनी पेटी आणली. पेटी भजनाला चालते, प्रार्थनेला चालते, पुढे नोकरीलाही उपयोगी पडेल. मीही असंच म्हटलं होतं, "आणा." पेटीत खोट काहीच नव्हती. फक्त ती मला नको होती. आज ती जुन्या साडीत गुंडाळून पलंगाखाली आहे.

मग मी लेकीला वहीचं पान दिलं. म्हटलं, "गेल्या दोन महिन्यांत कुणी न सांगता जी गाणी वाजवलीस, ती लिही." अकरा गाणी निघाली. नऊ हेवी मेटलची! उरलेल्या दोहोंना घरची जुनी गिटार पुरेशी होती. प्रश्न तिथंच सुटला.

यादीत पहिलं नाव ब्लॅक सॅबथचं होतं. त्यांचे गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होते. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्याच दिवशी, यंत्रात त्यांच्या दोन बोटांची टोकं तुटली. त्यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून, वर कातडं लावून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून खालच्या सुरात लावल्या. १९७० च्या त्यांच्या पहिल्या तबकडीपासून हेवी मेटलचा उगम मानतात. लेकीनं हे सांगितलं तेव्हा मी भाजी निवडायची थांबले.

तुमच्याकडेही हा प्रश्न आला, तर एवढं पाहा. मूल खरोखर दोन्ही प्रकारचं वाजवत असेल, कार्यक्रमात एकाच गिटारवर दोन्ही आवाज लागत असतील, तर हायब्रीड उत्तम. नाहीतर मन लागतं तीच घ्या. पहिल्या मेटल गिटारला ब्रिज पक्का बसवलेला असावा. हलणाऱ्या, कुलूपबंद ब्रिजवर तारा बदलणं आणि सूर खाली-वर करणं नवख्याला किचकट जातं. गिटार पट्ट्यानं गळ्यात अडकवून दहा मिनिटं उभं राहायला सांगा. खांदा दुखला तर दुसरी बघा. तारा दांड्यापासून फार उंच नकोत, बोटं सोलतात. सगळे पैसे गिटारवर घालू नका. मेटलचा आवाज निम्मा अ‍ॅम्प्लिफायरमधून येतो. आणि तो हेडफोन लावता येणारा घ्या, म्हणजे शेजारधर्म टिकेल!

आम्ही पहिलीच आणली. आरतीला ती चालणार नाही, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवलंय. रात्री जेवणं आटोपल्यावर लेक हेडफोन लावून बसते. आम्हाला नुसती तारांची टकटक ऐकू येते. परवा ओटा पुसताना माझी बोटं त्या ठेक्यावर ओट्यावर वाजत होती, हे मला उशिरा कळलं. आमच्या शाळेजवळ तबल्याचा वर्ग आहे. त्याची वेळ काय, ते उद्या विचारून येणार आहे.